तळहातावरचे कासव उद्या कुठे ठेवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदा चवथीला भाच्याने मोबाईल पुढे केला. ‘मावशी, हे घेऊ?’ तळहाताएवढे काळे कासव कलिंगडाची फोड कुरतडत होते. अल्डाब्राचे पिल्लू, किंमत दीड लाख. भाचा राहतो फोंड्याला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये.

अल्डाब्रा हे हिंदी महासागरातल्या सेशेल्स देशाचे प्रवाळबेट. तिथे आजही सुमारे एक लाख कासवे मोकळी चरतात. दुपारी झाडाखाली एकमेकांना खेटून पडतात. सावली गाठता आली नाही तर उन्हाने मरतातसुद्धा. मोठा नर अडीचशे किलोपर्यंत भरतो. मॉरिशस, रोड्रिग्सवरची अशीच कासवे पूर्वी खलाशांनी संपवली. अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जगतात म्हणून त्यांना जिवंतच जहाजाच्या तळात भरत आणि लागतील तशी कापत.

कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातला ‘अद्वैत’ नावाचा अल्डाब्रा कासव 2006 साली गेला, तेव्हा त्याचे वय अडीचशेच्या आसपास सांगत. भाचा चौतीस वर्षांचा. त्याच्यामागून, त्याच्या मुलीच्याही मागून, त्या जिवाला पाला कोण घालणार?

मी भाच्याला कागद मागायला लावले. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातले विदेशी प्राणी बाळगायचे तर नोंदणी लागते. विक्रेता म्हणाला, ‘कागद मागाहून देतो.’ मला मार्च 2021 ची बातमी आठवली. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांच्या विमानतळावर एका सुटकेसमध्ये तिथल्या महाकाय कासवांची 185 पिल्ले सापडली होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. त्यातली काही मेलेली होती. बिनकागदी पिल्लू कुठून आणि कसे आले असेल, हे विकत घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

मी हे पोटतिडकीने लिहिते त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी याच भाच्याने मुलीच्या हट्टापायी लाल कानांचे छोटे कासव आणले. दोन वर्षांत ते बशीएवढे झाले, काचेच्या पेटीला वास मारू लागला, आणि ते डिचोलीला माझ्याकडे आले. शेजारी म्हणाले, देवळाच्या तळीत सोडा. मी सोडले नाही. ते परदेशी कासव आपल्या तळ्यांतल्या कासवांच्या तोंडचे खाणे आणि उन्हाला बसायची जागा बळकावते. म्हणून न्हाणीमागच्या सिमेंटच्या टाकीत ठेवले आहे. पाठीवर शेवाळ चढले आहे. पावसाळ्यात रात्रभर भिंतीवर नखे ओढत वर यायची धडपड करते आणि पुन्हा पाण्यात पडते. तो आवाज माझ्या खाटेपर्यंत येतो.

भाच्याने अल्डाब्राचा नाद सोडला. पण ते पिल्लू अजून विक्रीला आहे. वनखात्याने म्हापसा, पणजी, मडगावच्या दुकानांतली कासवे आणि त्यांचे कागद एकदा नीट तपासावेत. आणि ज्यांना आपले विदेशी कासव झेपत नाही, त्यांनी ते आणून द्यावे अशी एक जागा जाहीर करावी. माझ्या टाकीतले मी पहिल्याच दिवशी घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली