कमिटची चावी कोणाला, किती आणि कधीपर्यंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली इंजिनीअरिंगची मुलं-मुली हल्ली ओपन सोर्स (ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पांना हातभार लावू लागली आहेत. कोणी मराठी-कन्नड भाषांतर पाठवतं, कोणी बारीकसारीक बग सोडवतं. आठ-दहा पॅच (कोडमधले छोटे बदल) स्वीकारले गेले की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कमिट ॲक्सेस कधी मिळणार?’ म्हणजे प्रकल्पाच्या कोडमध्ये थेट बदल नोंदवायचा अधिकार. प्रकल्प चालवणारा बहुधा एकटा, नोकरी सांभाळून रात्री बसणारा. कोणीतरी मदतीला आलं याच आनंदात तो सगळे अधिकार एकदम देऊन मोकळा होतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये असं कोणी करत नाही. सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्रावरच्या ऑपरेटरला टूल ऑफसेट (हत्याराची बारीक जुळवणी) बदलता येतो, पण प्रोग्राम एडिट करायची चावी सुपरवायझरच्या खिशात असते. ऑपरेटरवर संशय आहे म्हणून नव्हे. कामं वेगळी, म्हणून चाव्या वेगळ्या.

सगळ्या चाव्या एकाच हातात गेल्यावर काय होतं ते एक्सझेड युटिल्सने दाखवलं. दाबलेल्या फाइली उघडणारी ही छोटी लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकावर असते. ‘जिया टान’ नावाच्या खात्याने २०२१ पासून नेमाने चांगलं काम केलं. २०२२ मध्ये अनोळखी खात्यांनी मूळ मेंटेनरमागे (प्रकल्प सांभाळणाऱ्यामागे) ‘नवा माणूस घ्या’ असा तगादा लावला. अधिकार मिळाले आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस (डेटाबेस) डेव्हलपरला एसएसएच (दुसऱ्या संगणकात दुरून शिरण्याची सोय) लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त का घेतंय, असा प्रश्न पडला म्हणून हा चोरदरवाजा २९ मार्च २०२४ रोजी उघड झाला. गोम अशी की चोरदरवाजा जागा करणारी फाइल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या, म्हणजे वापरणाऱ्यांसाठी काढलेल्या आवृत्तीच्या, टारबॉलमध्ये (फाइलींच्या गाठोड्यात) होती. म्हणजे कोड मर्ज करणं (मूळ कोडमध्ये मिसळणं) आणि रिलीज काढणं हे दोन निरनिराळे अधिकार आहेत. ते एकाच व्यक्तीला, एकाच दिवशी देऊ नयेत.

असे प्रकल्प ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर ऑर्गनायझेशनच्या (सामाईक खात्याच्या) रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन आणि ॲडमिन अशा पाच पायऱ्या आहेत. ट्रायाजवाल्याला इश्यूंना (नोंदवलेल्या तक्रारींना) लेबल लावता येतं, दुबार तक्रारी बंद करता येतात. कोडला हात लावता येत नाही. नव्या माणसाला दोन-तीन महिने इथेच ठेवावं. पण रिपॉझिटरी व्यक्तिगत खात्यावर असेल तर या पायऱ्या नसतातच. कोलॅबोरेटर म्हणून नाव जोडलं की थेट राइट. तेव्हा आधी प्रकल्प ऑर्गनायझेशनमध्ये हलवा.

राइट देताना मुख्य ब्रँचला (कोडच्या मूळ शाखेला) कुलूप हवं: दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय मर्ज नाही. हे बहुतेक जण करतात. सेटिंगमधले दोन चौकोन मात्र रिकामे राहतात. नवा कमिट आला की जुनी मंजुरी रद्द व्हावी, हा एक. ॲडमिनलाही नियम चुकवता येऊ नये, हा दुसरा. पहिला रिकामा असेल तर साधा पॅच मंजूर करून घेऊन त्याच्यामागून भलतंच ढकलता येतं. शिवाय राइट मिळालेला माणूस वेगळ्या ब्रँचवर वर्कफ्लोची (आपोआप चालणाऱ्या कामांची) फाइल बदलून साठवलेली टोकन (गुप्त परवाने) बाहेर काढू शकतो. मुख्य ब्रँचचं कुलूप तिथे कामाचं नाही. रिलीजचं टोकन वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (गिटहबवरच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवावं आणि पतसंस्थेच्या चेकसारखी त्याला दुसरी सही लागावी. टारबॉल कोणाच्या लॅपटॉपवर न बांधता टॅगवरून (आवृत्तीची खूण केलेल्या कोडवरून) सर्व्हरवरच बांधला जावा. आणि माणसं किमान तीन हवीत. दोघंच असतील तर एकाची परीक्षा लागली की मर्ज ठप्प, मग ‘तात्पुरतं’ म्हणून कुलूप निघतं ते कायमचंच.

माणूस पारखायचा कशावरून? पॅच मोजून नव्हे, त्याने दुसऱ्यांच्या पॅचवर काय लिहिलंय ते वाचून. समजा, मराठी भाषांतराच्या फाइलींतून ‘नको असलेली अदृश्य अक्षरं’ काढणारा पॅच आला. जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या ‘दुसऱ्या’त र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असतो. तो गेला की रचा रफार होऊन ‘दुसर्या’ उरतं, आणि चारशे ओळींच्या डिफमध्ये (बदलांच्या यादीत) ते सहज निसटतं. जो हे पकडतो, त्याऐवजी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरायला सुचवतो आणि ‘कन्नडच्या फाइली मला समजत नाहीत, जाणकाराला विचारा’ असंही लिहितो, त्याला मराठी फाइलींचा अधिकार बिनधास्त द्यावा. कन्नडचा देऊ नये. डेबियन या लिनक्स प्रकल्पात ‘डेबियन मेंटेनर’ला नेमून दिलेलीच पॅकेजेस अपलोड करता येतात, ती याच धर्तीवर.

नावाची चर्चा आधी जुन्या मेंटेनरांत, खासगीत व्हावी. चारचौघांत नकार मिळालेला स्वयंसेवक सहसा परत येत नाही. होकार ठरला की मग त्या व्यक्तीला विचारावं. कित्येकांना ही जबाबदारी नकोच असते.

अधिकार कधी निघतील हे देतानाच लिहून ठेवावं. सहा महिने हालचाल नसेल तर राइट निघेल, ‘माजी मेंटेनर’ म्हणून नाव राहील, परत आल्यावर पुन्हा मिळेल. यात अपमान कसला? पडून राहिलेलं खातं दुसऱ्याच्या हाती पडलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडची हमखास अडचण म्हणजे कॉलेजचा ईमेल. पदवी झाली की तो बंद होतो आणि खातं अडकतं. खात्याला स्वतःचा ईमेल जोडावा, दुहेरी पडताळणी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवावी, रिकव्हरी कोड कागदावर छापून घरी ठेवावेत.

जाता जाता कॉलेजांना एक विनंती. पुल रिक्वेस्टच्या (पॅच स्वीकारावा या विनंतीच्या) आकड्यावर गुण देऊ नयेत. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात टी-शर्टपायी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) एखादा शब्द बदलणाऱ्या रिक्वेस्टचा एवढा पूर आला की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले. गुण द्यायचेच तर विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या पॅचवर लिहिलेले तीन रिव्ह्यू मागवावेत. तोंडी परीक्षेत त्यांवर प्रश्नही विचारता येतील.

– ओपन सोर्समध्ये काम करणारे काही वाचक, टिळकवाडी, बेळगाव