गळा सोडून कुठेही धरा

मा. संपादक महोदय,

मोबाईल चोरल्याच्या संशयावरून एका लमाणी पोराला भर बाजारात पोलिसाने कसं ‘लोळवलं’, याची चित्रफीत आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. ‘घाट्यांना हीच भाषा कळते’ असंही एकाने लिहिलं. हे घडलं तेव्हा मी पलीकडेच मिरच्या निवडत होतो, शिवाय ज्युडो शिकवणं हा माझा धंदा आहे, म्हणून हे पत्र. बाजाराचं आणि ठाण्याचं नाव देत नाही. एका शिपायाची बदली करून विषय संपवला जावा, हे मला नको आहे.

पोर सतरा-अठराचं असेल. शिपायाने मागून कोपराच्या बेचक्यात त्याचा गळा धरला, पालथा पाडला आणि मानेवर गुडघा रोवला. पोराचा उजवा हात तेवढा मोकळा होता. त्या तळव्याने त्याने जमिनीवर थाप मारली, मग लागोपाठ मारत राहिला. आमच्या मॅटवर याला टॅप म्हणतात. थाप पडली की वरच्याने त्याच क्षणी सोडायचं. न सोडणाऱ्याला मी पुन्हा मॅटवर पाय ठेवू देत नाही. त्या पोराने ज्युडो कधी पाहिलाही नसेल, पण जीव घुसमटला की हात आपसूक आपटतो. शिपायाला मात्र वाटलं, गडी अजून झटतोय. त्याने भार वाढवला. ‘अरे, मरतलो मरे तो!’ असं एक भाजीवाली किंचाळली, तेव्हा कुठे गुडघा उचलला गेला. मोबाईल त्याच्याकडे सापडला की नाही, हे मुद्दाम सांगत नाही. चोरीला आपल्या कायद्यात गळा आवळण्याची शिक्षा नाही.

ज्यांनी अंगठे दाखवले, त्यांना या डावाची माहिती नसावी. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या जातात. त्या दोन्ही नीट दाबल्या तर धडधाकट माणूस दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपतो, कधी त्याआधीच. पकड जरा सरकली की दाब श्वासनलिकेवर येतो, आणि धडपडणाऱ्या माणसावर पकड सरकतेच. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन टाकलं तर छाती फुलत नाही. मग तो हवेसाठी तडफडतो आणि त्या तडफडीलाच प्रतिकार समजून आणखी दाबलं जातं. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ मध्येच पोलिसांसाठी पत्रक काढून सांगितलं होतं की बेड्या घातल्या की माणसाला पोटावरून ताबडतोब वळवा. ‘बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे’ हा आणखी एक घातकी समज. मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड ‘श्वास घेता येत नाही’ म्हणत होता, तेव्हा मानेवर गुडघा रोवलेला पोलीस अधिकारी डेरेक शॉविन त्याला सुनावत होता की बोलायलाही बराच ऑक्सिजन लागतो. वीस डॉलरच्या खोट्या नोटेचा संशय, आणि जवळजवळ साडेनऊ मिनिटं गुडघा मानेवर.

पण मला त्याहून जुनं एक प्रकरण महत्त्वाचं वाटतं. १९७६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅडॉल्फ लायन्स या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी मागचा दिवा बंद होता म्हणून अडवली. त्याने प्रतिकार केला नव्हता, तरी गळा आवळून त्याला बेशुद्ध पाडलं, आणि शुद्धीवर आल्यावर हातात वाहतुकीची पावती दिली! तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आला की तुझाच गळा पुन्हा आवळला जाईल हे तू दाखवू शकत नाहीस, म्हणून मनाई हुकूम मिळणार नाही. असहमत न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी नोंदवलं की १९७५ पासून त्या शहरात या पकडींनी १६ जण दगावले होते, त्यातले १२ कृष्णवर्णीय पुरुष. आणि तिथल्या पोलीस प्रमुखाने १९८२ मध्ये कारण काय सुचवलं, तर काळ्यांच्या रक्तवाहिन्या ‘सामान्य माणसांइतक्या’ लवकर उघडत नसाव्यात. दोष पकडीचा नाही, गळ्याचा!

आपण यावर हसू नये. २०१३ मध्ये आपल्याच गोव्यात, पर्रा इथे एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग रोखला, आणि आपल्या एका मंत्र्यांनी नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. रस्ता अडवणं चूकच होतं, पण रस्ते आपणही कमी अडवत नाही. नाताळ-नववर्षाच्या गर्दीत दारू पिऊन शिपायाच्या अंगावर हात टाकणारा गोरा पाहुणा मी पाहिला आहे. त्याला दंडाला धरून, ‘सर, सर’ करत जीपमध्ये बसवलं. बरोबरच केलं! म्हणजे हात कुठे घालायचा हे आपल्या पोलिसांना ठाऊक आहे. लमाणी, घाटी, खाप्री (आपण काळ्या आफ्रिकींना म्हणतो ते) दिसला की ते विसरतं, आणि बघे टाळ्या वाजवतात. पोर्तुगीज राजवटीतल्या आजेंत मोंतेरो या पोलिसाच्या छळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या गोव्याने तरी वाजवू नयेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६ सांगतं की अटक केलेल्याला पळून जाऊ नये यासाठी लागतील तेवढीच बंधनं घालावीत. त्यात गळ्याचं नाव नाही. पोलीस महासंचालकांनी ते लेखी आदेशात घालावं: मानेवर हात, कोपर, गुडघा, काठी, काहीही नको, आणि खाली पाडलेल्याला लगेच कुशीवर वळवायचं. नुसत्या आदेशाने भागत नाही, हेही खरं. न्यूयॉर्क पोलिसांना गळ्याची पकड १९९३ पासून मना होती, तरी २०१४ मध्ये सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून एरिक गार्नरचा गळा धरला गेला आणि तो मेला. त्या अधिकाऱ्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही; नोकरी गेली तीही २०१९ मध्ये. म्हणून आदेशाबरोबर सराव हवा, आणि आदेश मोडणाऱ्याची चौकशी त्याच ठाण्याच्या निरीक्षकाकडे नको.

सरावाचं मी बघतो. दोघांनी मिळून मनगट, कोपर आणि खांदा धरला तर मानेला न शिवता तगडा माणूसही जागेवर बसवता येतो. माझ्याकडच्या शाळकरी मुली हे करून दाखवतील. वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण शाळेने रविवार कळवावा. मानधन नको, मॅट आम्ही आमच्याच टेम्पोत घालून आणू.

– एक ज्युडो प्रशिक्षक, फोंडा