एकाच पॅकमध्ये अ‍ॅसिड आणि ब्लीच: हा पॅक बाजारातून मागे घ्या

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: टॉयलेट क्लीनर व बाथरूम क्लीनर यांच्या ऑफर पॅकमुळे झालेली विषारी वायूची बाधा, आणि हा पॅक तातडीने मागे घेण्याबाबत.

महोदय,

मी सोलापूरला राहते. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. आपल्या ग्राहक सेवा कक्षाकडे मी आधी ई-मेलने तक्रार केली होती. तिला आलेलं उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवत आहे.

महिन्याच्या किराणा यादीत आम्ही फक्त टॉयलेट क्लीनर लिहिला होता. दुकानाने तुमचा ऑफर पॅक पाठवला: टॉयलेट क्लीनरच्या बाटलीला बाथरूम क्लीनरची बाटली प्लास्टिकच्या वेष्टनात घट्ट बांधलेली, दुसरी बाटली फुकट. वेष्टनावर पुढच्या बाजूला ठळक मराठीत छापलं आहे, 'दोघांची ताकद एकत्र, हट्टी डाग गायब'. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ते वाचलं आणि जे छापलं होतं तेच केलं. संडासाच्या भांड्यात आधी एक ओतलं, त्यावर दुसरं ओतलं आणि ब्रश घेऊन घासायला बसल्या.

खोकल्याचा आवाज ऐकून मी धावत गेले तेव्हा मावशी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पदर नाकातोंडाशी दाबलेला. "बाई, छातीत आग पडली हो," एवढंच कसंबसं बोलल्या. आत पोहण्याच्या तलावाशी येतो तसा, पण त्याहून कितीतरी उग्र, घसा कापणारा वास होता. मी त्यांना बाहेर गच्चीत नेलं, डोळे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायला लावले आणि रिक्षा करून थेट दवाखान्यात नेलं. त्यांना ऑक्सिजन द्यावा लागला, नेब्युलायझर द्यावा लागला आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवावं लागलं. घरी पाठवा म्हणून त्याच विनवण्या करत होत्या, पण डॉक्टरांनी सोडलं नाही आणि ते बरोबरच होतं. या दोन द्रावणांतून सुटला होता तो क्लोरीन वायू. क्लोरीन पाण्यात बेताचाच विरघळतो. त्यामुळे तो नाकाघशात अडकून राहत नाही, खोल फुप्फुसापर्यंत जातो. तिथल्या ओलाव्याशी मिळून अ‍ॅसिड तयार करतो आणि आतला नाजूक पडदा भाजतो. फुप्फुसात पाणी साठायला कधी कधी काही तास जातात. सुरुवातीला बरं वाटणारा माणूस रात्री अत्यवस्थ होऊ शकतो. क्लोरीनवर उतारा म्हणून कोणतंही औषध नाही.

आता यात झालं काय ते लिहिते, कारण तुमच्या उत्तरात त्याला 'किरकोळ त्रास' म्हटलं आहे.

तुमच्या टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आहे, लेबलप्रमाणे १० टक्के. बोअरच्या पाण्याचे क्षार भांड्याला धरतात, ते विरघळवायला अ‍ॅसिडच लागतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाथरूम क्लीनरमध्ये सोडियम हायपोक्लोराइट आहे, ४ टक्के. म्हणजे ते ब्लीचच. हायपोक्लोराइट टिकून राहतं ते अल्कलीमध्ये, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट गुणाच्या द्रावणात, म्हणून कारखान्यातच त्यात थोडा कॉस्टिक सोडा ठेवलेला असतो. त्यावर अ‍ॅसिड पडलं की तो सोडा आधी संपतो, हायपोक्लोराइटचं हायपोक्लोरस अ‍ॅसिड होतं आणि त्याची हायड्रोक्लोरिकशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. याला ना उष्णता लागते, ना वेळ. प्रयोगशाळेत क्लोरीन तयार करायच्या ज्या रीती आम्ही मुलांना शिकवायचो, त्यातली ही एक. फरक एवढाच की तिथे विषारी वायू बाहेर खेचून नेणारं धुराड्याचं कपाट असायचं.

किती क्लोरीन? तुमच्याच लेबलवरचे आकडे घेते. १०० मिली बाथरूम क्लीनरमध्ये साधारण ४ ग्रॅम हायपोक्लोराइट असतं. त्यातून निघू शकेल तेवढा सगळा क्लोरीन मोकळा करायला सुमारे ४० मिली टॉयलेट क्लीनर पुरतो. त्यातून पावणेचार ग्रॅमच्या आसपास क्लोरीन निघतो, म्हणजे सव्वा लिटरहून थोडा जास्त वायू. आमच्या संडासाची लांबी-रुंदी ५ फूट आणि ४ फूट, उंची ८ फूट. आत हवा साधारण साडेचार हजार लिटर. हा हिशोब दर दहा लाख भाग हवेत जवळजवळ ३०० भाग क्लोरीन असा येतो. सगळा वायू काही बाहेर पडत नाही, काही पाण्यात राहतो, हे मला ठाऊक आहे. पण त्याचा दहावा हिस्सा धरला तरी ३० भाग होतात. अमेरिकेतल्या नियॉश या कामगार-आरोग्य संस्थेने क्लोरीनची जी पातळी जिवाला तत्काळ धोक्याची मानली आहे ती १० भाग आहे. शिवाय क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड. तो वरच्या झरोक्यातून निघून जात नाही, खाली फरशीलगत साचतो. आमचं संडास भारतीय पद्धतीचं आहे. ते घासणारी बाई उकिडवी बसते आणि तिचं नाक नेमकं तिथेच असतं. वर लावलेल्या एक्झॉस्ट फॅनचा तिला काही उपयोग नाही.

आणि ही जोडी एकत्र करून सफाई तरी जास्त होते का? नाही. अ‍ॅसिड ब्लीचला संपवतं आणि ब्लीच अ‍ॅसिडला. जेवढं अ‍ॅसिड यात खर्ची पडतं तेवढं क्षार विरघळवायला उरत नाही, जेवढं हायपोक्लोराइट खर्ची पडतं तेवढं जंतू मारायला उरत नाही. मागे राहतं मिठाचं पाणी आणि वायू. 'दोघांची ताकद एकत्र' हे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने साफ खोटं आहे.

लेबलबद्दल. दोन्ही बाटल्या तुम्ही पाठीला पाठ लावून बांधता. इशारे दोन्हींच्या पाठीवर, त्यामुळे वेष्टन फाडेपर्यंत ते दिसतच नाहीत. टॉयलेट क्लीनरच्या पाठीवर, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, फक्त इंग्रजीत लिहिलं आहे की हे ब्लीचमध्ये मिसळू नये. पण बाथरूम क्लीनरच्या बाटलीवर 'ब्लीच' हा शब्दच कुठे नाही! तिथे घटकांच्या ओळीत 'सोडियम हायपोक्लोराइट' आहे. ज्याला इंग्रजी उत्तम येतं त्यालाही, रसायनशास्त्र शिकलेला नसेल तर, हातातली दुसरी बाटली म्हणजेच ते ब्लीच हे कळायला मार्ग नाही. मावशी रोज संध्याकाळी पोथी वाचतात, पेपर वाचतात. हा इशारा मराठीत, समोर, डोळ्यांना दिसेल असा असता तर त्यांनी तो वाचला असता आणि पाळला असता. जाहिरात मराठीत छापायला तुम्हाला जागा मिळाली, धोक्याची सूचना छापायला मिळाली नाही, याचा मला मनस्वी संताप आहे.

जाता जाता आणखी एक. वेष्टनावर 'सर्व प्रकारच्या फरशांसाठी' असंही छापलं आहे. शहाबादी, कोटा आणि संगमरवर यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं. अ‍ॅसिड पडलं की ती फरशी फसफसते आणि तिची चकाकी कायमची जाते. सोलापूर भागातल्या जुन्या घरांतून शहाबादीच आहे. तेही दुरुस्त करा.

तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर असं: उत्पादन सूचनेनुसार वापरल्यास पूर्णपणे सुरक्षित आहे, तसदीबद्दल दिलगीर आहोत, भरपाई म्हणून नवा ऑफर पॅक पाठवत आहोत. तो पॅक मी घेतला नाही, कुरिअरवाल्याच्या हाती परत पाठवला. ज्या वस्तूने एका बाईला इस्पितळात पोचवलं तीच वस्तू भरपाई म्हणून धाडावी, हे उत्तर लिहिणाऱ्याने तक्रार वाचली तरी होती का? आणि सूचनेनुसार म्हणजे कोणत्या? पुढची सूचना एकत्र वापरा म्हणते, मागची वापरू नका म्हणते.

पॅकवरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत देण्याची मुभा २०११ च्या आवेष्टित (पॅकबंद) वस्तू नियमांत आहे हे मला माहीत आहे. त्याच नियमांत सोबत इतर भाषा वापरायलाही आडकाठी नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधलं कलम ८४ स्पष्ट आहे: योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसतील किंवा चुकीच्या वापराबाबत इशारा नसेल, तर होणाऱ्या हानीला उत्पादक जबाबदार असतो. तुमच्या वेष्टनाने तर चुकीचा वापर करायला सांगितलं आहे.

म्हणून माझी मागणी अशी. हा जोडपॅक तयार करणं आजपासून बंद करा आणि दुकानांत पडून असलेला माल परत बोलवा. सणासुदीच्या साफसफाईत तो घरोघरी जाण्याआधी हे व्हायला हवं. दोन्ही बाटल्यांच्या दर्शनी भागावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहा की ही दोन द्रावणं एकत्र केल्यास विषारी वायू तयार होतो. त्याखाली हेही लिहा की ब्लीचिंग पावडर, लिंबू किंवा व्हिनेगर यांपैकी काय कशात मिसळू नये, आणि वास लागला तर सगळं सोडून लगेच मोकळ्या हवेत यावं. खोकला किंवा दम थांबला नाही तर दवाखाना गाठावा हेही असू द्या. तोंडावर फडकं बांधून वायू अडत नाही, तेही लिहा, कारण सगळे तेच करतात.

मावशींच्या दवाखान्याचं पूर्ण बिल आणि बुडालेली मजुरी कंपनीने त्यांच्या नावाने द्यावी. त्या चार घरची कामं करतात. अजून जिना चढताना त्यांना धाप लागते, त्यामुळे दोन घरची कामं सुटली आहेत. हे पैसे त्यांचे आहेत, माझे नव्हेत. व्हाउचर किंवा नव्या बाटल्या चालणार नाहीत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून मी आणि मावशी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. दोन्ही बाटल्या उरलेल्या द्रावणासकट, वेगवेगळ्या खोल्यांत, झाकणं घट्ट लावून जपून ठेवल्या आहेत. तपासणीसाठी तुमचा माणूस पाठवणार असाल तर त्याने बॅच क्रमांकाचं पत्र सोबत आणावं; तोंडी निरोपावर बाटल्या दिल्या जाणार नाहीत.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: दुकानाच्या पावतीची प्रत, वेष्टनाचे व दोन्ही लेबलांचे फोटो, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड व बिलं, तुमच्या ई-मेलची प्रत.