कफ काढायला शिकवा, मगच घरी सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. साधी सर्दी झाली तरी दम उसळतो. दोन वर्षांत तीनदा त्यांना दाखल करावे लागले. नेब्युलायझर, स्टिरॉइड, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सगळे वेळेवर मिळाले. छातीत साचलेला कफ काढायचा कसा, हे मात्र पहिल्या दोन्ही खेपांना कोणी शिकवले नाही. रात्र रात्र खोकून त्यांच्या बरगड्या दुखायच्या आणि बेडका जेमतेम सुटायचा. आम्ही पाठ थोपटत बसायचो. दुसरे काही ठाऊकच नव्हते.

तिसऱ्या खेपेला एक फिजिओथेरपिस्ट ताई भेटल्या. या आजारात श्वासनलिका सैल पडतात, जोरात खोकले की त्या मिटतात आणि कफ आतच अडकतो, हे त्यांनी समजावले. आधी खांदे सैल सोडून शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, दर वेळी दोन-तीन सेकंद रोखून, म्हणजे कफाच्या मागे हवा पोचते. मग चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसा, घसा मोकळा ठेवून, ‘हाऽऽ’. एक-दोनदाच, आणि पुन्हा शांत श्वास. ही विश्रांती गाळली की दम लागतो. दुसऱ्या दिवसापासून कफ सुटू लागला. “हे आधी का नाही सांगितलं?” या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

हा रामबाण उपाय आहे असे मी म्हणत नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२च्या आढाव्यानुसार आजार बळावलेला असताना अशा तंत्रांनी व्हेंटिलेटरसारख्या आधाराची गरज आणि रुग्णालयातले दिवस थोडे कमी होतात. पुढे आजार पुन्हा बळावणे टळते असे मात्र दिसलेले नाही. आम्ही करत होतो त्या थोपटण्याने तर फारसे काही हाती लागत नाही. ब्रिटनमधल्या पाचशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, छातीवर हाताने केलेल्या उपचारांनी सहा महिन्यांनंतरच्या जीवनमानात फरक पडला नव्हता. ज्यांना कफच होत नाही त्यांना याची गरजही नाही. थुंकीतून रक्त पडत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये.

पण ज्यांची छाती कफाने भरलेली असते, त्यांना घरी सोडताना इनहेलर कसा ओढायचा हे दाखवतात, तसेच हेही दाखवावे. नुसता कागद हातात देऊ नये. रुग्णाकडून समोर एकदा करून घ्यावे, आणि घरात त्याच्याजवळ जो बसणार त्यालाही तेव्हा बोलावून घ्यावे.

आपला,
एक वाचक