"नुसत्या सिस्टर" म्हणू नकोस, आई

साउथॅम्प्टन, रविवार रात्र

ती. आईस,
सा. न.

फोनवर तू विचारलंस की सुट्टीच्या दिवशी एकटीच कुठे फिरतेस, मी नेटली म्हटलं आणि तेवढ्यात बाबांनी फोन घेतला त्यामुळे पुढचं राहूनच गेलं. म्हटलं नीट पत्रच लिहावं, व्हॉट्सअॅपवर एवढं टाकलं की तू चष्मा नाही म्हणून अर्धंच वाचतेस.

सुरुवात आमच्या वॉर्डातनं झाली. गेल्या महिन्यात एक आजी ॲडमिट होत्या, नाव सांगत नाही, नियम आहे इथला. नव्वदी पार केलेली, बोलायला लागलं की धाप लागायची. मी त्यांचा बेड करत होते, चादरीचा कोपरा तू शिकवलास तसा तिरका दुमडून खाली घेतला, तर त्यांनी खुर्चीतूनच हात लांब केला आणि त्या घडीवर अंगठा दाबून बघितला, घट्ट आहे का ते. मग विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. मी म्हटलं माझ्या आईने, ती सोलापूरला सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. मग त्या म्हणाल्या मी पण सिस्टर, आर्मीत, क्यूए. आणि हसल्या अशा की जणू तुला ओळखतातच.

क्यूए म्हणजे क्वीन अलेक्झांड्राच्या नर्सेस. १९०२ मध्ये राणीच्या नावाने लष्कराची ही नर्सिंग सर्व्हिस सुरू झाली. राणी मूळची डेन्मार्कची म्हणून बॅजवर डॅनिश क्रॉस, करडा ड्रेस आणि खांद्यावर लालभडक छोटी केप. तेव्हाच्या अटी म्हणजे पंचवीस ते पस्तीस वय, तीन वर्षांचं हॉस्पिटलचं ट्रेनिंग आणि लग्न केलं की नोकरी सोडायची. आणि त्याच्याही आधी, १८८८ च्या मार्चमध्ये इंग्लंडहून दहा नर्सेस बोटीने मुंबईला उतरल्या होत्या, हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांसाठी, त्यांची प्रमुख कॅथरीन लॉक पुढे रावळपिंडीला गेली. पंखा ओढणारा माणूस झोपला की पेशंट उकाड्याने तळमळणार असे ते दिवस. मुंबई बंदर म्हटल्यावर मला उगाच बरं वाटलं बघ, त्या तिकडे आल्या आणि मी इकडे आले.

तर नेटली. आमच्यापासून ट्रेनने थोडंच अंतर. खाडीच्या काठावर आता मोठं पार्क आहे, लोक कुत्री घेऊन येतात, पोरं सायकली फिरवतात. पण इथे १८६३ पासून लष्कराचं हॉस्पिटल होतं, पाव मैल लांब एकच बिल्डिंग, हजारभर खाटा, ब्रिटिश साम्राज्यभरातून आजारी जखमी सैनिक बोटीने आणून इथे ठेवायचे. हिंदुस्थानात जाणारे आयएमएसचे म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर पण इथेच शिकून जायचे. १९६६ ला सगळं पाडलं, मधलं घुमटाचं चॅपल तेवढं उभं आहे. मी त्या गवतावरून पाव मैल चालून बघितलं. आपण एका वॉर्डच्या टोकापासून दुसऱ्या टोकाला नाइटमध्ये किती चकरा मारतो आणि यांचं तर हे एवढं. आणि गंमत नाही, चीड येते ऐकून, समुद्राच्या बाजूला ऊन वारा सगळा कॉरिडॉरला आणि पेशंटच्या खोल्या मागच्या बाजूला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने नकाशे बघितले तेव्हाच सांगितलं होतं की हे चुकतंय, हवा उजेड खाटेपर्यंत आला पाहिजे, थेट पंतप्रधानांपर्यंत गेली ती, त्यांना पटलं सुद्धा, पण पाया घालून झाला होता, पैसे गेले होते, म्हणून तसंच बांधलं. पेशंटजवळ उभं राहणारीला जे कळतं ते बांधणाऱ्याला कळत नाही, तू पण नवीन बिल्डिंगच्या वेळी हेच म्हणायचीस ना?

चॅपलमधून बाहेर आले आणि बाकावर बसून मोबाइलवर त्या आजींनी सांगितलेलं नाव शोधलं. नेली स्पिंडलर. हे नाव आमच्याकडे सगळ्या मुलींना सांगायचे म्हणाल्या.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा क्यूए जेमतेम तीनशे होत्या, युद्ध संपेपर्यंत रिझर्व्ह धरून दहा हजारांच्या वर गेल्या. नेली त्यातलीच, वेकफिल्डची, वडील पोलिसात. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ती बेल्जियममध्ये ब्रँडहूकला होती, तंबूतलं हॉस्पिटल, फ्रंटच्या अगदी जवळ. एवढं जवळ का, तर पोटात गोळी लागलेला माणूस लांब नेईपर्यंत टिकत नाही, लवकर टेबलवर घेतला तर वाचण्याची आशा, म्हणून पोटाच्या केसेससाठी हॉस्पिटलच पुढे सरकवलं. शेजारी रेल्वे आणि दारूगोळ्याचा साठा, त्यामुळे तोफांचे गोळे तिथे पडायचेच. एकवीस ऑगस्टला सकाळी अकराच्या सुमाराला गोळा पडला. नेली नाइट करून आली होती, तंबूत झोपली होती. आई, नाइटनंतरची झोप. अंग दगडासारखं होतं ती. वीसेक मिनिटांत गेली, बरोबरच्या सिस्टरने धरून ठेवलं होतं तिला. पंचविशीतली पोर. लायसेंथूकच्या लष्करी कब्रस्तानात तिला लष्करी मानाने पुरलं, तिथे दहा हजारांवर पुरुष आहेत आणि बाई एकटी ती.

त्याच ठिकाणी शेजारच्या तंबूंची प्रमुख होती केट लुआर्ड. वयाने मोठी, त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात पण काम केलेली, हाताखाली नर्सेस, डोक्यावर पाऊस, चिखलात खाटा आणि पोटाच्या केसेस एकामागून एक. आणि ही बाई एवढ्यात घरी भावंडांना पत्रं लिहायची, आज किती आले, कोण गेला, शेवटी काय मागितलं. त्या पत्रांचं पुढे पुस्तक झालं आणि म्हणून आज आपल्याला त्या तंबूच्या आत काय चाललं होतं ते कळतं, नाहीतर नुसते आकडे राहिले असते.

सगळंच चांगलं होतं असं नाही हं. ब्राइटनला राजाच्या जुन्या महालात आपल्या हिंदुस्थानी जखमी सैनिकांसाठी हॉस्पिटल केलं होतं, जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, एवढी काळजी. पण १९१५ मध्ये पेपरात एका हिंदुस्थानी सैनिकाच्या खाटेजवळ गोरी नर्स उभी असलेला फोटो आला आणि लष्कराने नर्सेसना तिथून काढायचंच ठरवलं. फोटोत ती नुसती उभी होती. मी रोज इथे गोऱ्या म्हाताऱ्यांची अंगं पुसते, तोंडं धुते, सुया लावते, हे वाचताना किती वेळ मोबाइल तसाच हातात राहिला माझ्या. त्या नर्सेसना कुणी विचारलं नसणार आणि त्या सैनिकांना तर नाहीच.

आणि दुसऱ्या युद्धातल्या दोघी, मॉली एव्हरशेड आणि डोरोथी फील्ड. ७ ऑगस्ट १९४४, नॉर्मंडीहून जखमींना घेऊन निघालेली ॲमस्टरडॅम नावाची हॉस्पिटल बोट सुरुंगावर गेली. बोट तिरकी होतेय, खालच्या मजल्यावर ज्यांना उठता येत नाही असे पेशंट. या दोघी पुन्हा पुन्हा खाली गेल्या, पंचाहत्तर जणांना वर काढलं आणि शेवटच्या फेरीला वर आल्याच नाहीत. नॉर्मंडीच्या लढाईत ब्रिटिशांच्या बाजूने गेलेल्यांचं फ्रान्समध्ये समुद्रकाठी नवीन स्मारक झालंय, २२,४४२ नावं आहेत त्यावर आणि बायका दोनच, या दोघी. मी विचार करत बसले की चौथ्या पाचव्या फेरीला जिना उतरताना काय वाटत असेल. मला वाटतं काही वाटत नसेल, पुढचा पेशंट कोणता एवढंच. तुला माहीत असेल ते, मला अजून तशी वेळ आली नाही.

म्हणूनच हे सगळं लिहितेय. तुझ्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात माइक हातात देऊन दोन शब्द बोला म्हणाले तेव्हा तू म्हणालीस, आम्ही काय, नुसत्या सिस्टर, आणि नारळ शाल घेऊन खाली बसलीस. ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपात तू चार दिवस घरी आली नव्हतीस हे मला तुझ्याकडून नाही, आजीकडून कळलं. ती सांगायची की आल्यावर तू साडी बदलायच्या आधी न्हाणीघरात बसून राहिलीस आणि आतून पाण्याचा आवाजच येईना. मी तेव्हा जन्मले पण नव्हते. नंतर विचारलं की तू म्हणतेस जाऊ दे गं, सगळ्यांनीच केलं.

सगळ्यांनीच केलं तर सगळ्यांचंच लिही. त्या वेळी तुझ्याबरोबर कोणकोण होत्या, आया, वॉर्डबॉय, धोबी, ड्रेसिंगचा कापूस संपल्यावर काय केलं, ट्रकमधून माणसं आली तेव्हा पहिल्यांदा कुणाकडे गेलीस. बाबांना दोनशे पानी वही आणायला सांग, शुद्धलेखनाची काळजी करू नको, रोज एक पान झालं तरी पुरे. मी डिसेंबरमध्ये येईन तेव्हा वाचेन.

त्या आजी बऱ्या होऊन घरी गेल्या, जाताना तुला नमस्कार सांगितलाय.

पार्सलमधली शेंगाचटणी पोचली, अर्धी वॉर्डात वाटली. परवापासून चार नाइट आहेत, सकाळी नवाला घरी येऊन पडते, म्हणजे तुमच्याकडे दुपार ते संध्याकाळ फोन करू नकोस, झोपलेली असेन.

तुझी,
मनू