मासा बोलण्यानं पळत नाही

संपादक साहेब, नमस्कार. रविवारी हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसलो होतो, तर पुण्याचा भाचा फ्लाय फिशिंगचा, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासे धरायचा, रॉड घेऊन गुडघाभर पाण्यात शिरला अन् दोरी डोक्यावरून चारदा फिरवून सपकन पाण्यावर आपटली, काठालगतचे मासे एका झटक्यात खोल गेले. वर मलाच म्हणतो, मामा हळू बोला! अरे बाबा, हवेतलं बोलणं पाण्यात फारसं उतरतच नाही. पण पाण्यातला आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, बुटाखाली गोटा घासला की माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना थरथर टिपणारी रेषा असते, तिला ते लगेच कळतं. अन् फिरत्या दोरीच्या सावलीला मासा बिचकतो ते वेगळंच. शेवटी त्याला काठावर उन्हाकडे तोंड करून बसवला, सावली मागं पडू दे म्हटलं.

— एक गळवाला मामा, भुसावळ