तो खडक नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतला स्कुबा डायव्हिंगवरचा लेख सोमवारी दुपारी वाचला. सोमवारी, कारण आम्हा बडोदेकरांची रविवार पुरवणी सोमवारीच येते. त्याबद्दल तुम्हाला दोनदा लिहून झालंय, उत्तर नाही. असो.

लेखकमहाशय अंदमानला जाऊन मजा करून आले, आनंद आहे. पण तो फोटो! दोन्ही पाय प्रवाळावर रोवून, हात पसरून उभे, आणि खाली ओळ, ‘रंगीबेरंगी खडकांच्या बागेत’. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर पॉलिपची, म्हणजे प्रवाळातल्या एकेका इवल्या जिवाची, आकृती काढायची, मधे तोंड, भोवती शुंडके, खाली चुन्याची वाटी, आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, “बाई, हे फूल का?” अहो, प्राणी आहे तो. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला रंगही देतं आणि जेवूही घालतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जास्त तापून तसंच राहिलं की शेवाळ जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लक्षद्वीपला २०२४ मध्ये हेच झालं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर प्रवाळही आहे. वाघाच्या पाठीवर उभं राहून काढलेला फोटो छापला असतात?

आता माझी कबुली. सहा वर्षांपूर्वी नातवाच्या हट्टापायी मालवणला मीही पाण्यात उतरले. समोर सिंधुदुर्ग किल्ला, होडीत पाच मिनिटांचं शिक्षण. “नाकान श्वास घेव नको, आजी, तोंडान घे,” एवढंच शिकवणाऱ्या पोराने दहादा सांगितलं. बरोबरच होतं ते. पण पाय कुठे ठेवायचा नाही, हे कुणी सांगितलं नाही. खाली गेल्यावर कान दुखले, नाक दाबून फुंकर मारली, मोकळे झाले. मग त्याने पाव कुस्करला आणि पट्ट्यापट्ट्यांचे मासे काचेवर येऊन आपटू लागले. ते बघण्यात मी दंग, तेवढ्यात त्याने खांदे दाबून मला उभं केलं, कॅमेऱ्यासाठी. पायाखाली कोबीच्या पानासारखं काहीतरी होतं, ते पापडासारखं मोडलं. अनवाणी होते, त्यामुळे नीट कळलं. टाचेला नखाएवढी चीर पडली, ती भरायला पाच आठवडे लागले. माझी टाच भरली. ते पान किती वर्षांत भरेल, हे मी वर्गात शिकवत असे.

त्या पोराला दोष देत नाही. रांगेत पुढचे बाराजण उभे होते, आणि प्रत्येकाला फोटो हवा होता. तुमच्या लेखकाला मात्र वेळ होता, तीन पानं होती.

त्यातही एक वाक्य तर भयंकर आहे, ‘सकाळी दोन डाइव्ह, दुपारच्या विमानाने घरी.’ अशा डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं. खोल पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. उंचावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे, आणि ते सांध्यात नाहीतर मज्जारज्जूत अडकतात. कुणी वाचून तसं केलं तर?

उबदार समुद्र म्हणजे मालदीव, थायलंड, फार तर अंदमान, हाही तुमच्याकडचाच समज. जामनगरजवळ नरारा आहे. देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८२ चं, तिथेच आहे. ओहोटीला घोटाभर पाण्यातून चालत प्रवाळ दिसतं, सिलिंडर लागत नाही, आमच्या गावाहून एका रात्रीचा प्रवास. सयाजीराव महाराजांनी तर आपल्या संस्थानातल्या, द्वारकेकडच्या ओखामंडळच्या समुद्रात काय काय जगतं याचा अहवाल जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करून घेतला, त्याचे दोन भाग १९०९ आणि १९१६ साली निघाले. बडोद्याच्या राजाला तेव्हा जे जाणून घ्यावंसं वाटलं, ते आज तुमच्या उपसंपादकाला निदान फोटोखालची ओळ लिहिताना तरी वाटायला हरकत नव्हती.

माझा तो मालवणचा फोटो नातवाने फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. त्यात मी छान हसते आहे. पुढच्या लेखाला हवा असेल तर पाठवते, फक्त खाली ‘खडक’ छापू नका. आणि पुरवणी रविवारी पाठवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे